माहेरच्या गावात भाड्याचं घर

(या आठवड्याचं पत्र डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा गोषवारा देत आहोत.)

‘मी ४७ वर्षांची. नवरा, १६ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी असं आमचं घर. भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं ठाण्याला असतात. वडिलांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. आई ७४ वर्षांची, भावाकडे राहते. गेल्या वर्षभरात ती फार गप्प झाली आहे. तिचं माहेर अलिबागजवळच्या चौलचं. लहानपणी मे महिन्याची अख्खी सुट्टी आम्ही तिथे असायचो. सुपारीची वाडी, रहाट, मागच्या दारी फणस. मामांनी ते घर आणि वाडी २० वर्षांपूर्वी विकली, आईनेही सही दिली होती. आता मला इंटरनेटवर चौलमध्येच एक जुन्या धाटणीचं कौलारू घर सापडलं आहे. कॉटेज म्हणून ते भाड्याने देतात. चार खोल्या, ओटी, स्वयंपाकघर, भोवती वाडी. आम्ही नऊही जण मावतो. २७ डिसेंबर ते १ जानेवारी, पाच रात्री जावं असा विचार आहे. स्वयंपाक आपणच केला तर खर्चही आटोक्यात राहील. आईला तिचं गाव परत भेटेल, ती मोकळी होईल, आणि आम्हा भावंडांत जो दुरावा आलाय तोही कमी होईल असं वाटतं. पण भाऊ म्हणतो, रिसॉर्ट घेऊ, पूल आहे, जेवण आयतं मिळेल, आईला कमोड लागतो. वहिनी काहीच बोलत नाही. मुलगा विचारतो, तिथे नेट आहे का. आणि आई म्हणते, “मला नको, तुम्ही जा.” तिला खर्चाची काळजी वाटते हे मला ठाऊक आहे. आठ दिवसांत आगाऊ रक्कम भरायची आहे. आईला कसं तयार करू? भावाला कसं समजावू?’

ताई,

आगाऊ रक्कम अजून भरू नका. आठ दिवसांची मुदत घरमालकांनी घातली आहे, तुमच्या आईने नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं आहे आणि मी तिथेच थांबले. ‘आईनेही सही दिली होती.’ आपल्याकडे वडिलोपार्जित घर विकताना बहिणीची सही कशी घेतली जाते हे घराघरांत ठाऊक आहे. हक्कसोडपत्रावर ती मुकाट सही करते, कारण दोन पैशांसाठी भावांशी वाईटपणा नको. त्या दिवशी तिला काय वाटलं हे सहसा कुणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, कदाचित तिने आनंदाने सही केली असेल. पण तुम्हाला ते माहीत आहे का? ‘खर्चाची काळजी वाटते हे मला ठाऊक आहे’ असं तुम्ही लिहिता. ते तिने स्वतः सांगितलं, की तुम्ही धरून चालला आहात?

जरा तिच्या जागी उभं राहून पाहू. ज्या गावात ती लेक म्हणून वाढली, जिथे गेल्यावर पाय धुवायला पाणी आणि हातात गूळ-पाणी मिळायचं, त्या गावात आता तिच्या मुलीने दर रात्रीचे पैसे भरून घेतलेल्या घरात उतरायचं. आळीत कुणीतरी विचारणार, ‘कुणाची गं तू?’ मग वडिलांचं नाव, मग भावांचं, मग ‘अरेरे, विकलंत ना ते घर’. आणि तुमचे वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच तिथे जाणार. इतकी वर्षं माहेरून निघताना तिची ओटी भरली गेली असेल. या वेळी एखाद्या घरी हळदीकुंकवाचा करंडा तिच्या समोरून पुढे जाईल. अनेक घरांतून ही रीत गेली आहे, आणि जिथे उरली आहे तिथूनही जायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती मोडण्याचा भार ७४ वर्षांच्या बाईने तिच्याच माहेरात, सुट्टीच्या नावाखाली उचलावा असं आपण ठरवू शकत नाही.

तेव्हा ‘आईला कसं तयार करू?’ हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. तिच्याशी बोला, पण सगळ्यांसमोर नको, फोनवर नको, आणि मोबाइलवरचे घराचे फोटो पुढे करून तर मुळीच नको. भावाकडे एखादा दिवस राहायला जा. भाजी निवडता निवडता विचारा, ‘चौलला आता कोण कोण असेल गं तुझ्या ओळखीचं?’ ती एखाद्या मैत्रिणीचं नाव घेईल, एखाद्या देवळाचं घेईल, किंवा विषय बदलेल. विषय बदलला तर तेही उत्तरच आहे. ‘जायचं का?’ या प्रश्नाला आपल्या आयांच्या पिढीचं उत्तर बहुधा ‘नको’ असतं. ‘कुणाला भेटायचंय?’ याला त्या खरं काय ते सांगतात.

आता दुसरं, थोडं अवघड. पत्रातली सुपारीची वाडी, रहाट, मागच्या दारचा फणस या तुमच्या आठवणी आहेत. आईच्या आठवणी तुम्ही कुठेच लिहिलेल्या नाहीत. मला वाटतं, चौलची ओढ सगळ्यात जास्त तुम्हाला आहे. वडील गेल्यावर आपलं बालपण जिथे होतं तिथे एकदा जाऊन यावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त ती इच्छा आईच्या नावावर टाकू नका. ‘मला जायचंय, तुम्ही बरोबर आलात तर मला बरं वाटेल’ असं म्हटलंत तर भावालाही तुमच्याशी भांडायला फारसं काही उरणार नाही.

जागेबद्दल माझं मत सांगते. चौलच्या आळीत न राहता रेवदंड्याला राहा. दोन्ही गावं एकमेकांना लागून आहेत, अलिबागपासून दक्षिणेला साधारण १५ ते १७ किलोमीटरवर. रेवदंड्याला उतरलात तर चौल हाकेच्या अंतरावर राहतं, पण अंगावर येत नाही. आईला वाटलं तर एका सकाळी रिक्षाने रामेश्वराच्या देवळात जाता येईल, पुष्करणीच्या काठी बसता येईल आणि जेवायच्या वेळेला परत. नाही वाटलं तर तीन दिवसांत चौलचं नाव नाही काढलं तरी चालेल. तिला हवं तेव्हा जाता यावं आणि हवं तेव्हा निघता यावं, एवढी सोय झाली की पुष्कळ झालं.

शिवाय रेवदंडा स्वतःच असं गाव आहे की तिथे कुणाच्या आठवणींचा आधार लागत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाच्या आतच हे गाव वसलं आहे, रस्ताच तटाच्या वेशीतून आत जातो. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये मधूनच पडक्या चर्चची भिंत उभी दिसते. सातखणी म्हणतात तो उंच मनोरा अजून उभा आहे. पलीकडे कुंडलिकेची खाडी, आणि खाडीच्या त्या बाजूला डोंगरावर कोर्लईचा किल्ला. १५०८ साली या खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि गुजरातची गलबतं पोर्तुगीजांवर चालून आली. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. त्याच्याही आधी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला होता. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. तुमच्या १६ वर्षांच्या मुलाला ‘आजीचं गाव बघ’ म्हटलं तर तो मान खाली घालून मोबाइल बघेल. ‘रशियातून एक माणूस घोडा घेऊन इथे का आला असेल, शोधून काढ’ म्हणा. आणि हो, नेट आहे का हे मालकांना विचारून त्याला खरं उत्तर द्या. त्या वयाच्या मुलाचा प्रश्नही प्रश्नच असतो.

रेवदंड्यात बेने इस्रायल या ज्यू समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळही आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून या किनाऱ्यावर त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबं हळूहळू इस्रायलला गेली. चेऊलकर, नवगावकर, किहीमकर, पेणकर ही आडनावं मात्र त्यांनी बरोबर नेली. त्यांची मुलं-नातवंडं आजही आजी-आजोबांची गावं बघायला इकडे येतात. घर उरलेलं नसतं, कधी कधी आळीही ओळखू येत नाही, तरी येतात, थोडा वेळ थांबतात आणि जातात. तुमच्या आईला हे सहज सांगून बघा. आपल्यासारखे आणखीही आहेत हे कळलं की माणसाला जरा हलकं वाटतं.

आता स्वयंपाकघर. इथे मी थोडी कडक होणार आहे.

‘स्वयंपाक आपणच केला तर’ असं तुम्ही लिहिलंय. या ‘आपण’मध्ये नेमकं कोण कोण आहे? नऊ माणसं, पाच दिवस. सकाळचा चहा, मुलांचं दूध, पोहे किंवा घावन, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण. परक्या घरातला गॅस, परकी भांडी, कमी पडणारं तेल, कुठे ठेवलंय ते न सापडणारं मीठ. तुमचा नवरा आणि भाऊ एक दिवस हौसेने मासळी आणतील, पण ती साफ कोण करणार? वहिनी काहीच बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत. मला तिचं न बोलणं पुरेसं बोलकं वाटतं. सासूचं वर्षभराचं दुःख ती रोज घरात बघते आहे, पथ्यपाणी बघते आहे. तिला चार दिवस कुणीतरी हातात ताट द्यावं असं वाटत असेल, आणि ते नणंदेला कसं सांगावं हे तिला कळत नसेल. तुमच्या भावाच्या ‘जेवण आयतं मिळेल’मागे कदाचित तीच असेल.

त्या पट्ट्यात ‘घरगुती निवास व भोजन व्यवस्था’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. अशाच घरी उतरा, किंवा घर नुसतं भाड्याचं असेल तर मालकांना विचारा, की गावातली कुणी बाई जेवण करून देईल का. बहुतेक ठिकाणी देतात. ताटाप्रमाणे दर ठरवायचा, किती माणसं आणि कोण काय खात नाही हे आदल्या रात्री सांगायचं, मासळीचा दर बाजारभावाने वेगळा, हे आधीच बोलून घ्यायचं. घरच्या ओट्यावर फक्त चहा आणि आईचं दूध. वाचलेल्या पैशांचं गणित मांडताना बायकांच्या कष्टांची किंमत शून्य धरायची ही सवय आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे. एकटं जोडपं, मैत्रिणींचा गट, कुणीही कॉटेज घ्यायला निघालं असेल तर पैसे भरण्याआधी ओटा कुणाकडे हे ठरवून घ्या.

भावाबद्दल तुम्ही थोडी घाई केली आहे असं मला वाटतं. आईला कमोड लागतो ही त्याची हरकत अगदी रास्त आहे, आणि रोज तिच्याबरोबर राहणाऱ्या माणसालाच ती सुचू शकते. जुन्या धाटणीच्या घरात न्हाणीघर मागच्या पडवीत, दोन पायऱ्या उतरून असू शकतं. फोटोत ते दिसत नाही. रात्री दोन वाजता आईला उठावं लागलं तर दिवा कुठे लागतो, पायऱ्यांना कठडा आहे का, फरशी निसरडी आहे का, गरम पाणी बंबाचं की गिझरचं, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, पलंग आहेत की खाली गाद्या, डासांच्या जाळ्या आहेत का, गाडी दारापर्यंत येते की वाडीतून चालत जावं लागतं, हे सगळं फोनवर विचारा. न्हाणीघराचा आणि दारापुढच्या वाटेचा व्हिडिओ मागवा. आणि ही चौकशी भावाला करू द्या. त्याने नाकारलेल्या जागेत त्याला ओढत नेण्यापेक्षा त्याने तपासलेल्या जागेत सगळे जाणं बरं. पूल असलेलं रिसॉर्टच त्याला हवं असेल तर एक रात्र तिकडेही काढता येईल. मुलांना पोहायला सुरक्षित पाणी मिळेल, त्यात वाईट काय आहे? समुद्रात पोहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि पाच रात्री नकोत. वर्षभराचं दुःख आणि भावंडांतला न बोललेला दुरावा घेऊन नऊ माणसं एका छपराखाली पाच रात्री राहिली, तर तिसऱ्या दिवशी मीठ जास्त पडल्यावरून तोंड फुटेल. दोन रात्री, फार तर तीन. शक्य असेल तर शेजारशेजारची दोन छोटी घरं किंवा एकाच वाडीतल्या वेगळ्या खोल्या घ्या. संध्याकाळी एकत्र बसा, सकाळी ज्याला जेव्हा उठायचं तेव्हा उठू दे. दुरावा सुट्टीत कमी होईल असंही धरून चालू नका. त्यासाठी भावाशी वेगळं, एकट्याने बोलावं लागेल, आणि ते डोंबिवली-ठाण्यातच आधी व्हायला हवं.

तारखा तर बदलाच. ३१ डिसेंबरच्या आसपास अलिबागच्या पट्ट्यात भाडी चढलेली असतात, वडखळपासून गाड्यांच्या रांगा लागतात, आणि शेजारच्या बंगल्यातले स्पीकर मध्यरात्रीपर्यंत थांबत नाहीत. गप्प झालेल्या बाईला घेऊन अशा गर्दीत जायचं? जानेवारीच्या मध्यानंतरचे आठवड्यातले दिवस बघा. मुलांची शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू दे, किंवा २६ जानेवारीची सुट्टी कुठे जोडून येते ते पाहा, फक्त त्यासाठी खोली लवकर धरावी लागेल. त्या दिवसांत रायगडात पोपटीचा हंगाम असतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वाटल्यास अंडी किंवा कोंबडी, वरून पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. मालकांना आधी सांगितलं तर संध्याकाळी वाडीत पोपटी लावून देतात, आणि मुलं त्या जाळाभोवतून हलत नाहीत. तुमच्या आईला पोपटी कशी लावतात हे कुणी शिकवावं लागणार नाही. ती आपणहून दोन सूचना देईल. दिली तर देऊ द्या, आणि ‘बघा, आई कशी बोलायला लागली’ असं कृपा करून कुणी म्हणू नका.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, चौलच्या दत्ताच्या डोंगरावर मोठी यात्रा भरते. आईने तीच आठवण काढली तर गोष्ट वेगळी, एरवी गर्दी आणि डोंगराच्या पायऱ्या लक्षात घेऊन ते दिवस टाळा.

तारीख ठरवताना तिथीही बघा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत संध्याकाळी पाच-सहाला वाळू मोकळी, घट्ट आणि सपाट असते, आईला हात धरून चालता येतं. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वरपर्यंत आलेलं असतं. हा अंदाज आहे, अचूक वेळ गावात विचारा. आणि रेवदंड्याच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या मुखाजवळ, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. ओहोटीला कुंडलिकेचं पाणी जोरात बाहेर ओढतं, त्यात उधाणाचे दिवस असले तर अधिकच. कोळी बांधव नको म्हणाले की वाद घालू नका.

कोर्लईला मुलांना जरूर न्या, आईला मात्र किल्ला चढायला लावू नका. पुलावरून पलीकडे गेलं की दीपगृहाच्या बाजूने वर जाता येतं. वरून एकीकडे खाडी आणि दुसरीकडे उघडा समुद्र दिसतो. पायथ्याच्या कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात. १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, बोली राहिली. तुमच्या मुलीला हे नक्की आवडेल. पण तिथे जाऊन कुणाच्या तोंडापुढे मोबाइल धरून ‘बोलून दाखवा’ म्हणू नका. मासळी घ्या, दोन शब्द बोला, त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका.

हे मी सगळ्याच वाचकांसाठी लिहिते आहे, कारण ऐतिहासिक गावात घर भाड्याने घेतलं की आजूबाजूचं सगळं आपल्या सुट्टीचाच भाग आहे असं वाटायला लागतं. रेवदंड्यातले कितीतरी अवशेष आज लोकांच्या वाड्यांत आहेत. हाक मारून, विचारून आत जा. सुपारी सुकायला घातली असेल तर तिच्यावरून चालू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि पिढ्यांच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. तेवढा काळ घर कसं चालवायचं, या प्रश्नाला तिथल्या अनेकांचं एक उत्तर म्हणजे पाहुण्यांना दिलेल्या खोल्या. भाव करताना हे मनात असू द्या. विहिरीचं पाणी, पोफळींना लागणारं पाणी आणि तुमच्या आंघोळीचं पाणी बहुतेक ठिकाणी एकच असतं.

तर या आठवड्यात एवढं करा. त्या चौलच्या घरमालकांना फोन करून सांगा की डिसेंबरच्या तारखा जमत नाहीत, जानेवारीचं काय ते नंतर कळवतो. ते घर हातचं गेलं तर जाऊ द्या, त्या पट्ट्यात घरं पुष्कळ आहेत. वहिनीला एकटीला फोन करा आणि विचारा, ‘तुला या सुट्टीत काय नको आहे?’ भावाला सांगा की कमोडचा मुद्दा बरोबर होता, आणि जागेची चौकशी तूच कर. मग आईकडे जाऊन राहा.

हे सगळं करूनही आई ‘नको’च म्हणाली, तर तिला नेऊ नका, आणि तिच्यासाठी म्हणून स्वतःचं जाणंही रद्द करू नका. मुलीला घेऊन तुम्ही दोघीच एका शनिवार-रविवारी जाऊन या. डोंबिवलीहून पनवेल-पेण-अलिबाग एसटीने जाता येतं. मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. घरी ठेवून जाताना आईची सोय भावाकडे आहेच. तिला काय आणायचं तेवढं विचारा. सुपारी सांगेल, सुकट सांगेल, काहीच नको म्हणेल. विकलेल्या घराच्या दारात जायचं ठरवलंत, तर तिथले फोटो तिला दाखवायचे की नाही, हेही निघण्याआधी तिलाच विचारा.